साडेचार दाढांचं बाळंतपण

दुखण्याला माझ्या सासऱ्यांनी जेवढा मान दिला, तेवढा या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी दिला नसेल. माणसं दुखण्याला घाबरतात, ते लपवतात, नाहीतर चारचौघांत मिरवतात. सासरे यातलं काहीच करत नसत. कचेरीत मोठे साहेब आले की जसं उठून उभं राहावं, तसे ते दुखण्यापुढे उभे राहत. मग ते दुखणं स्वतःचं असो, बायकोचं असो, नाहीतर बिल्डिंगच्या वॉचमनच्या मांडीवरच्या गळवाचं असो. आजाऱ्याला भेटायला गेलं की आपण "कसं झालं, कधी झालं, कोणता डॉक्टर" असं विचारतो. सासरे खुर्ची पुढे ओढून बसत आणि विचारत, "दुखतंय कसं? ठणकतंय, की चमक मारतेय? आग होतेय, की मुरडा पडतोय?" माणूस आधी गोंधळून जाई. मग डोळे मिटून नीट विचार करी आणि सांगे, "ठसठसतंय." सासरे मान डोलावत. आपल्या दुखण्याची जात कुणीतरी विचारली याचंच आजाऱ्याला निम्मं बरं वाटत असावं, कारण बिल्डिंगमधले लोक ताप आला तरी डॉक्टरच्या आधी त्यांना वर्दी देत.

स्वतःच्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते. पायात काटा गेला तर सासूबाईंनी सुई लावण्यापूर्वी "आता लावते" आणि लावल्यावर "लावली" असं म्हटलंच पाहिजे. एकदा त्यांची खालची दाढ काढायची होती. त्यांनी दातांच्या डॉक्टरला विचारलं, "ही भुलीची सुई टोचताना जे दुखेल, त्याच्यासाठी काय सोय आहे?" डॉक्टर हसला. हसण्याच्या नादात त्यानं घाई केली की काय कोण जाणे, भूल नीट चढलीच नाही आणि दाढ तशीच निघाली. सासरे घरी आले, गालाला पंचा बांधला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाईट झालं, पण एक माप हातात आलं."

हे माप प्रकरण समजायला त्यांची नोकरी सांगायला हवी. गोरेगावच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तयार झालेला प्रत्येक नट, प्रत्येक पिन मापात बसते की नाही हे पाहण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. "जे मोजलं जात नाही, त्याच्याकडे कुणी बघत नाही," असं ते म्हणत. त्यांचा राग असा होता, की जगात ताप मोजतात, रक्तदाब मोजतात, पाऊस मोजतात, आणि दुखणं मात्र कुणी मोजत नाही. म्हणून त्यांनी स्वतःपुरतं एक एकक ठरवलं. भूल न चढता काढलेली खालची दाढ म्हणजे एक दाढ. विंचू चावला तर दोन दाढा. दाराच्या फटीत बोट सापडलं तर पाऊण. सासूबाईंचे गुडघे रोजची पाव दाढ. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या गुडघ्यांचं माझं मी बघीन, तुमची दाढ तुमच्यापाशी ठेवा."

मी या घरात आले तेव्हा निवृत्त होऊन ते गिरगावातून मीरा रोडला, शांती नगरात राहायला आले होते. टँकरचं पाणी भरायच्या रांगेत उभं राहून आम्ही सगळे तिथे रुळलो. दोन वर्षांनी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती आणि भावाच्या एका खोलीच्या संसारात मला जागा नव्हती. तेव्हा ते सासरीच होणार हे ठरलं. माझी अवस्था मी कुणाला सांगत नव्हते. लहानपणी आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एका बाईंचं बाळंतपण झालं होतं आणि ते मी भिंतीला पाठ लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. ते आवाज सातव्या महिन्यात मला पुन्हा ऐकू येऊ लागले. आई असती तर तिच्या कुशीत शिरून म्हटलं असतं, मला फार भीती वाटते. सासूबाईंना हे सांगायची सोय नव्हती. त्यांची चार बाळंतपणं झाली होती आणि चारही त्यांनी तोंडातून आवाज न काढता पार पाडली होती. हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "पहिली मुलगी पेणला, माहेरी झाली. शेजारच्या घरात कळलंसुद्धा नाही," असं त्या म्हणाल्या की सासरे समोरचं वर्तमानपत्र थोडं वर धरत.

माझी भीती ओळखली ती सासऱ्यांनी. कशी ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा मी भाजी चिरताना विळीकडे न बघता पोटाकडे बघत असेन. आता सासऱ्यानं सुनेशी या विषयावर बोलायचं म्हणजे आफत. ते तर बाळंतपण हा शब्दही उच्चारत नसत, 'तो कार्यक्रम' म्हणत. म्हणून ते वर्तमानपत्र आड धरून बोलले. पहिल्या पानाआडून आवाज आला, "सूनबाई, त्या कार्यक्रमाची भीती वाटते का?" मी म्हटलं, "हो." पान उलटलं गेलं. "साहजिक आहे. मी चौकशी करतो." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चौकशी सुरू केली.

चौकशी म्हणजे काय, तर बिल्डिंगमधल्या बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला गाठून त्यांनी विचारलं, की तुमच्या वेळी किती दुखलं, दाढेच्या हिशेबानं. पहिल्या दोघी तिघींनी दार लावून घेतलं. एकीच्या नवऱ्यानं वर येऊन माझ्या नवऱ्याला सांगितलं, की तुझ्या बाबांना जरा सांभाळ. तळमजल्यावरच्या गुजराती भाभींनी मात्र सरळ विचारलं, "अंकल, मेरे तो तीन हैं. पहिले का बताऊँ, कि सबका?" सासरे म्हणाले, "सबका." भाभींनी पहिल्याच्या सहा दाढा सांगितल्या, दुसऱ्याच्या तीन. "तीसरा तो रिक्षा में ही हो गया अंकल, गिनने का टाइमही नहीं मिला." मग भाभींनी बाकीच्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्या आठवड्यापासून बायका आपण होऊन येऊ लागल्या. कुणी कुकरची शिट्टी होईपर्यंत म्हणून आली आणि तासभर बसली. ज्यांनी दार लावलं होतं त्याही आल्या. एक बाई जिन्यावरून परत वर आल्या, कारण मधलं सांगायचं राहिलं होतं. एकीनं अकरा दाढा सांगितल्या. माप फार वर जातंय म्हणून सासरे खात्री करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "काल लाजून कमी सांगितलं. बारा लिहा."

सरासरी साडेचार दाढा निघाली. सासऱ्यांनी ती आलेखाच्या कागदावर मांडली आणि खाली दुखणं कमी करायचे मार्ग लिहिले. एक, काही न करणे. याच्यापुढे कंसात सासूबाईंचं नाव होतं. दोन, कमरेवर टोचायचं इंजेक्शन. त्यानं गुंगी येते, दुखणं असतंच, पण आपलं वाटत नाही. तीन, नाकाला लावायचा गॅस, जो आपल्याकडच्या एकाही प्रसूतिगृहात नव्हता. चार, उत्तनच्या एका निवृत्त नर्सबाईंची श्वासाची आणि पाठ दाबायची पद्धत. पाच, पाठीच्या कण्यातली सुई, जिनं कमरेखाली बधिर होतं आणि बाई शुद्धीवर राहते. पाचाच्या खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

हा कागद घेऊन ते मला आणि सासूबाईंना बरोबर घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंचं प्रसूतिगृह आमच्यापासून तीन गल्ल्यांवर होतं. बाई समजूतदार होत्या, पण दमलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, बायका सहन करतातच हो." सासरे म्हणाले, "बाई, एवढीशी दाढ काढायची तरी तुम्ही लोक भूल देता. इथे तर आख्खा माणूस काढायचाय." बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी नीट समजावलं. कण्यातल्या सुईनं कधी रक्तदाब उतरतो, कधी नंतर डोकं दुखतं, कधी जोर लावायला वेळ लागतो. भूल देणारे डॉक्टर बोरिवलीहून बोलवावे लागतील, त्यांना पोचायला वेळ लागेल. "आणि मुख्य म्हणजे हे मला पेशंटनं सांगायला हवं. सासऱ्यांनी नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तुला काय हवं आहे?"

मला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण शेजारी सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. त्या नुसत्या समोरच्या भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "बघू." परत येताना मला स्वतःचा इतका राग आला होता की मी रिक्षात रडले. सासूबाई म्हणाल्या, "होतं असं या दिवसांत." सासरे पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अवघडून बसले होते. ते मागे न बघता म्हणाले, "बघू म्हणजे नाही असं होत नाही."

म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंची तयारी चालू ठेवली. बोरिवलीचे भूल देणारे डॉक्टर तरुण होते, अबोल होते. सासऱ्यांनी त्यांची मुलाखत घेतली. "तुम्ही स्वतः कधी पाठीत सुई घेतली आहे का?" डॉक्टर म्हणाले, हर्नियाच्या वेळी घेतली होती. सासरे घरी येऊन म्हणाले, "अनुभवी माणूस आहे." मग ते एका रविवारी सकाळी डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसून, हातात घड्याळ धरून, बोरिवलीपासून प्रसूतिगृहापर्यंत आले. बावीस मिनिटं लागली. तपासणी विभागाच्या शिस्तीप्रमाणे पुढच्या दोन रविवारी त्यांनी तीच फेरी पुन्हा घेतली. तेवीस आणि एकवीस. रविवारीच का, तर डॉक्टरांना इतर दिवशी सवड नसे.

उत्तनलाही ते बसनं गेले. मी जडावले होते आणि सासूबाई म्हणाल्या, "मी नाही येणार. माझी पाठ कुणी दाबली नव्हती." नर्सबाई अंगणात सुके बोंबील राखत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सून न्हाय आली? बायको न्हाय आली? मग तुला शिकवून काय करू?" सासरे म्हणाले, "मी घरी जाऊन बायकोला शिकवीन." बाईंनी त्यांना तांदळाच्या गोणीपुढे गुडघ्यावर बसवलं. "बोटांनी न्हाय, तळव्यानं. इथं खाली, माकडहाडाच्या वर. कळ आली का दाब, गेली का सोड. आन तोंडानं श्वास सोडायला सांग तिला, रोखायचा न्हाय." घरी आल्यावर सासूबाईंनी शिकायला साफ नकार दिला. विद्या विसरू नये म्हणून सासरे दुपारी गादीच्या वळकटीवर सराव करू लागले. एकदा मी पाणी प्यायला उठले तर आतून आवाज येत होता, "सोडा, श्वास सोडा. छान." त्यांनी वळकटीला अहो-जाहो केलं होतं.

मला कळा सुरू झाल्या त्या दिवशी गुरुवार होता, दुपारचे साडेबारा वाजले होते. नवरा फोर्टला ऑफिसात, सासूबाई दादरला भाचीच्या लग्नाला. घरी मी आणि सासरे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, तो कार्यक्रम." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, फोर्टला आणि दादरला फोनवर निरोप ठेवले आणि रिक्षा आणली. रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, गड्ढा आएगा तो पहले बताना." रिक्षावाला भला माणूस होता. तो वाटभर "अब आ रहा है, आ गया, गया" असं सांगत राहिला.

बाईंनी तपासलं आणि विचारलं, "आता सांग. सुई हवी?" खोलीत सासूबाई नव्हत्या आणि पोटात जे चाललं होतं त्यापुढे त्या असत्या तरी फरक पडला नसता. मी म्हटलं, "हवी." फोन गेला. डॉक्टर निघाले. बावीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास झाला. गुरुवारच्या दुपारी दहिसरच्या चेकनाक्यावर ट्रकांची रांग लागते, हे तीन रविवारांनी सासऱ्यांना सांगितलं नव्हतं. नेमकी पलीकडच्या खोलीत टेबलावर दुसरी बाई अडली होती, त्यामुळे डॉक्टरीणबाई आणि आया दोघी तिकडे. मी कॉटवर कुशीवर एकटी. भिंतीपलीकडून आवाज येत होते. लहानपणी ऐकले होते तसेच, आणि आता त्यात माझाही मिसळत होता. मला वाटलं, मी यातून उठत नाही. आईला हाक मारली. जी नाही तिलाच मारली.

पडद्याबाहेरून आवाज आला, "सूनबाई, येऊ का आत?" मी म्हटलं, "या." थोड्या वेळानं पुन्हा, "येऊ ना?" मी ओरडले, "बाबा, या म्हटलं ना." ते आले. माझ्या पाठीशी उभे राहिले. खिशातून घडी केलेला रुमाल काढून त्यांनी तो माझ्या पाठीवर अंथरला, सुनेला हात लागू नये म्हणून, आणि त्याच्यावर तळवा ठेवून दाबलं. आजवर मी वाकून नमस्कार करायचे तेव्हा डोक्यावर टेकायचा तेवढाच त्यांचा स्पर्श मला माहीत होता. "सोडा. श्वास सोडा." वळकटीच्या सवयीनं मलाही ते अहो म्हणत होते. कळ गेली नाही, पण तिला कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं झालं. पुढची आली, तिलाही धरलं. मध्येच त्यांनी हळूच विचारलं, "मुरडा आहे की ठणका?" मी म्हटलं, "बाबा, आत्ता नका ना विचारू." "बरं," ते म्हणाले. पाऊण तास ते असे उभे होते. सुई टोचताना आधी सांगायला लावणारा हा माणूस, त्याचा घाम माझ्या मानेवर पडत होता आणि त्याचा तळवा एकदाही हलला नाही. त्या पाऊण तासात ते माझी आई झाले होते, याहून वेगळं मला ते सांगता येत नाही.

डॉक्टर हेल्मेट हातात घेऊन धावत आले. सासरे म्हणाले, "तुमची बावीस मिनिटं होती." डॉक्टर म्हणाले, "काका, ती रविवारची." सासऱ्यांनी विचारलं, "मोठ्या सुईच्या आधी कातडी बधिर करणार ना?" डॉक्टर म्हणाले, करणार. सासऱ्यांनी रुमाल उचलून घडी केला आणि ते बाहेर गेले. वीस-पंचवीस मिनिटांत माझ्या कमरेखालचं सगळं दूर गेलं. मी छताचा पंखा मोजून सात वेळा बघितला आणि मग मला भूक लागली.

सासूबाई दादरहून पोचल्या तेव्हा त्यांच्या अंगावर लग्नाचं जरीचं लुगडं होतं आणि अंबाड्यात गजरा. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं घट्ट झालेलं त्यांच्या हाताला लागलं. "आत्ता कळ आली ना?" "आली असेल," मी म्हटलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. हात तसाच ठेवून आणखी दोन कळा जाऊ दिल्या. मग पदर सावरून बाहेर गेल्या आणि सासऱ्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. दार उघडंच होतं.

"तिला काही म्हणजे काही दुखत नाहीये हो," त्या म्हणाल्या. त्यांनी अंबाड्यातला गजरा काढून मांडीवर ठेवला. मग त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी होतं का हे?"

"मुंबईत कुठेतरी असेल. मी विचारलं नाही."

"मला फार दुखलं होतं."

"माहीत आहे," सासरे म्हणाले. "मी पेणला आदल्या दुपारीच आलो होतो. तुझ्या वडिलांनी आत येऊ दिलं नाही. मागच्या पडवीत बसून होतो. पुढच्या दारानं आलो तो दुसऱ्या दिवशी."

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सगळं ऐकलंत?" सासरे म्हणाले, "सगळं." तेहतीस वर्षं त्या सगळ्यांना सांगत होत्या की आवाज काढला नाही, आणि तेहतीस वर्षं त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं होतं. मी आत पडल्या पडल्या रडत होते आणि आयाला वाटलं सुई उतरली. साडेपाचला मुलगी झाली. ते सांगायला आया बाहेर गेली तर बाकावरच्या दोघांना तिला दोनदा हाक मारावी लागली.

सासरे गेले तेव्हा मुलगी पहिलीत होती. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळे बघितले आणि मान हलवली. लोक अशा वेळी विचारतात ते काहीच सासूबाईंनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना दुखलं का हो काही?" डॉक्टर म्हणाले, "नाही आजी. झोपेतच गेले." सासूबाईंनी त्यांना पुन्हा तेच विचारलं, आणि डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. "मग ठीक आहे," असं म्हणून त्या खाली बसल्या आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं रडल्या.